लाटांच्या शोधात

आमचे बालपण समुद्रापासून मैलभर अंतरावर गेले. तरीही समुद्राशी आमची ओळख नव्हती, असे म्हटले तर वसईबाहेरच्या वाचकांस नवल वाटेल. आमचे घर वाडीवाल्याचे. केळीचे लोंगर, पानवेलीचे मांडव, विहिरीवरचा रहाट आणि पहाटेच्या गाडीने मुंबईस निघणारी फुलांची टोपली, एवढे आमचे जग. समुद्र आम्हांला ऐकू येई, दिसत नसे. आषाढातल्या रात्री माडांच्या पलीकडून त्याची गाज येऊ लागली की आजी जपमाळ हाती घेई आणि म्हणे, "दर्या जागा झाला." समुद्र कोळ्यांचा आणि जमीन आपली, ही वाटणी कोणी केली हे आम्हांस ठाऊक नव्हते, पण ती सीमा ओलांडायची नसते, एवढे पक्के ठाऊक होते.

पुढे गुरुविद्यालयात पवित्र शास्त्राचा अभ्यास सुरू झाला, तेव्हा तेथेही समुद्र बहुधा भयाचेच रूप घेऊन भेटला. योनाच्या डोक्यावरून जाणारा, फारोचे सैन्य गिळणारा, पेत्राच्या पायांखालून निसटणारा. प्रकटीकरणाच्या पुस्तकातील नव्या सृष्टीत तर समुद्र उरतच नाही. हे प्रथम वाचले तेव्हा आमच्यातल्या वाडीवाल्यास मनातून समाधानच वाटले होते.

अशा आम्हांस, पन्नाशी मागे टाकल्यावर, चार दिवस एका मोटारीत बसून परक्या देशाच्या किनाऱ्यावर लाटा शोधत हिंडण्याचा योग यावा, यास ईश्वरी योजना म्हणावे की पुतण्याचा हट्ट, हे अजून ठरलेले नाही.

घडले ते असे. २०२४च्या नोव्हेंबरात आमच्या धर्मग्रामातील काही भाविकांसह आम्ही पोर्तुगालमधील फातिमा येथे यात्रेस गेलो होतो. आमच्या थोरल्या बंधूंचा मुलगा लिस्बनमध्ये संगणकाच्या व्यवसायात आहे. यात्रेकरू परतले, महागुरूंच्या अनुमतीने आम्ही आणखी काही दिवस त्याच्याकडे राहिलो. पुतण्या बंगळूरला नोकरीस असताना सुटीच्या दिवशी मंगळूरजवळच्या मुल्की येथे जात असे आणि तेथे फळीवर उभे राहून लाटेवरून घसरत येण्याचा तो खेळ, ज्यास सर्फिंग म्हणतात, शिकला होता. लिस्बनला गेल्यापासून तर त्याचा प्रत्येक शनिवार-रविवार समुद्रातच जाई. निघण्यापूर्वी बंधूंनी आम्हांस बाजूला घेऊन सांगितले होते, "एवढा शिकलासवरला आणि दर्यात उड्या मारतो. तुझं तो ऐकतो. दोन शब्द सांग त्याला." म्हणजे आम्ही केवळ पाहुणे नव्हतो, आमच्यावर कामगिरी सोपवलेली होती.

पुतण्यास याचा वास आधीच लागला असावा. पहिल्याच सकाळी चहा ओतत तो म्हणाला, "काका, उपदेश गाडीत करा. चार दिवस आहेत. मी ऐकतो. पण गाडी कुठे न्यायची ते मी ठरवणार."

गाडी जुनी आणि लहान. टपावर पट्ट्यांनी आवळलेल्या दोन फळ्या. मागच्या आसनावर रबरी पोशाख, ज्याच्या ओलसर वासाने आम्हांस सुक्या बोंबलांच्या टोपलीची आठवण झाली. कागदी नकाशा आमच्या मांडीवर ठेवण्यात आला. खरे मार्गदर्शन त्याच्या फोनवर चालू होते; पण म्हाताऱ्या माणसाच्या हाती काहीतरी असावे, हा त्याचा विचार आम्हांस आवडला.

लिस्बनहून आम्ही पश्चिमेकडे निघालो ते गिंशुच्या किनाऱ्यावर. वाळूची लांबच लांब पुळण, आणि वारा असा की मोटारीचे दार उघडताना दोन्ही हात लावावे लागले. समुद्र पांढरा झाला होता. आम्ही मनात म्हटले, आता हा उडी घेणार आणि आपण जपमाळ काढणार. पुतण्या वाळूच्या टेकाडावर दहा मिनिटे स्तब्ध उभा राहिला, परत आला, म्हणाला, "नाही." पुढे काबो दा रोका हे टोक लागले. युरोप खंडाच्या मुख्य भूमीचे हे पश्चिमेकडचे शेवटचे टोक. तेथे आम्ही उतरलो, छायाचित्र काढले, पुन्हा निघालो. त्या दिवशी आणखी तीन ठिकाणी मोटार थांबली. प्रत्येक ठिकाणी तो उतरे, पाही, आणि "नाही" म्हणून परत येई. संध्याकाळी एरिसेइरा या गावी मुक्कामास पोहोचलो, तेव्हा फळ्या कोरड्याच होत्या. ज्याला बेफिकीर ठरवून उपदेश करावयास आम्ही निघालो होतो, तो मुलगा दिवसभरात पाण्यास शिवलाही नव्हता.

रात्री जेवताना आम्ही त्यास विचारले, "तू पाहतोस तरी काय?"

त्याने मेजावरचा पाव, मिठाची बरणी आणि बटाट्याची बशी मांडून आम्हांस समुद्र समजावला. (पाव, बटाटा आणि मेज हे तिन्ही शब्द याच लोकांनी आपल्या भाषेत ठेवून दिलेले आहेत, ही गोष्ट त्या ताटावर बसल्यावर मौजेची वाटली.) लाट किनाऱ्यावर जन्मत नाही, असे तो म्हणाला. दूर उत्तरेस, ग्रीनलंड आणि आइसलंडच्या बाजूस वादळ होते. त्याचा वारा तासन्‌तास पाण्यावर घासत राहतो आणि तेथून लाटांचे तांडे निघतात. पाणी प्रवास करीत नाही; ते जागच्या जागी फेर धरते. प्रवास करते ती शक्ती. वाऱ्याची झुळूक भाताच्या शेतावरून जाते तेव्हा रोपे जागेवरच राहतात, तसेच. पंधरा सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या लाटांचा तांडा खोल समुद्रातून दिवसाला सुमारे हजार किलोमीटर चालतो. म्हणजे आज जे येथे फुटते आहे, ते दोन-तीन दिवसांपूर्वी कोठेतरी आपल्या नजरेपलीकडे घडलेले असते.

पण लाट आली म्हणजे झाले, असे नाही. वारा जमिनीकडून समुद्राकडे हळुवार वाहत असला तर तो लाटेस उभी धरतो. समुद्राकडून जोराने आला तर तिची मोडतोड करतो. भरती-ओहोटीने तीच जागा तासाभरात बदलते. तळाशी वाळू असेल तर लाट एक प्रकारे फुटते, खडक असेल तर दुसऱ्या प्रकारे. किनाऱ्याचे तोंड कोणत्या दिशेस आहे, यावर सारे अवलंबून. "म्हणून गाडी लागते, काका. लाट आपल्याकडे येत नाही. आपण तिच्याकडे जायचं, आणि बहुतेक वेळा पाहून परत फिरायचं."

शेवटचे वाक्य आम्ही मनात टिपून ठेवले. प्रवचनास उपयोगी पडेल असे वाटले. चांगले वाक्य कानी पडले की ते दुसऱ्यांस ऐकवावेसे वाटणे, हा आमच्या व्यवसायाचा जुना रोग आहे. ते आधी आपल्यासाठी असेल, हे उशिरा सुचते.

एरिसेइरा हे उंच कड्यावर वसलेले मच्छीमारांचे पांढरे-निळे गाव. खालच्या होड्यांच्या पुळणीवरून ५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालचा अखेरचा राजा आपल्या कुटुंबासह परागंदा झाला. ज्या राजवटीने दोन शतके आमच्या वसईवर राज्य केले, तिचा शेवट मच्छीमारांच्या होड्यांत बसून झाला, हे वाचून मन थोडे गंभीर झाले. त्या पुळणीच्या माथ्यावर 'शुभ प्रवासाच्या माते'चे लहानसे कपेल आहे. सकाळी तेथे प्रार्थना करून आम्ही मोटारीत बसलो. या गावाच्या उत्तरेकडील काही किलोमीटरांचा किनारा २०११ साली लाटांचे राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाला. युरोपातील असे ते पहिले. जंगले राखतात, पक्षी राखतात, हे आम्हांस माहीत होते. लाटाही राखाव्या लागतात, कारण एखादा धक्का किंवा भिंत चुकीच्या जागी बांधली की हजारो वर्षांची लाट नाहीशी होते, हे नवे होते.

कोशुश नावाच्या खडकाळ खाडीवर आम्ही पाऊण तास थांबलो. लाटा देखण्या होत्या, एकीमागून एक, जणू कोणी आखून दिलेल्या. खाली सहा-सात जण पाण्यात होते. पुतण्याचे डोळे चमकत होते. आम्हांस वाटले, आता हा जाणार. तो म्हणाला, "ही माझ्या आवाक्यातली नाही. तळाशी धारदार खडक आहे. पडलो तर मला सावरता येणार नाही." आणि त्याने मोटार वळवली ती जवळच्याच रिबेइरा द'इल्यास या अधिक उमद्या किनाऱ्याकडे.

तेथे मात्र तो पाण्यात उतरला. आम्ही कड्यावर बसलो आणि जपमाळ काढली. दुःखाची पाचही रहस्ये संपली. काळ्या पोशाखातल्या त्या ठिपक्यांत आपला कोणता हे कळेना. दोन तासांनी तो ओठ निळे करून वर आला, तेव्हा आम्ही विचारले, "किती लाटा मिळाल्या?" तो म्हणाला, "नऊ." एक लाट फार तर दहा सेकंदांची. म्हणजे दोन तासांत त्याने जे उभे राहणे केले ते सारे मिळून दीड मिनिटाचे! बाकीचा सारा वेळ थंड पाण्यात फळीवर बसून क्षितिजाकडे पाहण्यात गेला.

त्या रात्री दैनिक प्रार्थनेनंतर आम्ही स्तोत्रसंहितेचे १०४वे स्तोत्र काढले. महासागराचे वर्णन करताना स्तोत्रकर्ता तेथील अजस्र प्राण्याविषयी सांगतो की देवाने त्यास पाण्यात खेळण्यासाठी घडविले. हे स्तोत्र आम्ही हजारदा म्हटले असेल. त्यातल्या खेळण्याकडे आमचे लक्ष कधी गेले नव्हते. देवाने समुद्र केवळ भिण्यासाठी निर्माण केला नाही, ही गोष्ट शास्त्रात होती; वाडीवाल्याच्या भीतीने आम्ही ती वगळून वाचत आलो होतो.

तिसऱ्या दिवशी आम्ही पेनिशला पोहोचलो. हे गाव एकेकाळी बेट होते. वाळू साचत जाऊन ते जमिनीस जोडले गेले. त्यामुळे त्यास दोन तोंडे आहेत, एक उत्तरेकडचे बालेआलचे आणि एक दक्षिणेकडचे. एका बाजूस वारा वाईट असला की दुसऱ्या बाजूस चांगला. लाटा शोधणाऱ्यांना हे गाव प्रिय आहे ते यामुळे. गावाच्या कड्यावर एक जुना किल्ला आहे. १९३४पासून १९७४पर्यंत, म्हणजे हुकूमशाहीच्या काळात, तेथे राजकीय कैदी डांबले जात. आता तेथे प्रतिकाराचे आणि स्वातंत्र्याचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. त्या भिंती पाहताना वसईच्या किल्ल्याचा दगड आठवला. पण त्या दिवशीची खरी गोष्ट किल्ल्यात घडली नाही. ती दक्षिणेकडच्या वाळूच्या टेकडीवर घडली.

किनाऱ्याचे नाव सुपरटुबोस. तेथे लाट वळून पोकळ नळीसारखी होते, म्हणून हे नाव. पुतण्या नेहमीप्रमाणे पाहत उभा होता. आम्हीही आता थोडे पाहण्यास शिकलो होतो. दोन्ही बाजूंस लाटा आपटत होत्या. मध्ये मात्र एक पट्टा गडद, गुळगुळीत आणि निवांत दिसत होता. आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने म्हटले, "मला पोहायचे असते तर मी तिथून उतरलो असतो. जागा शांत दिसते."

पुतण्याने आमच्याकडे वळून पाहिले. "काका, पोहणारी माणसं तिथेच मरतात."

मग त्याने सांगितले. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी कोठून तरी परत जावेच लागते. ते वाळूतल्या खोलगट वाटेने परत जाते. तेथे लाटा फुटत नाहीत, म्हणून ती जागा शांत दिसते. ती ओढ माणसास खाली खेचीत नाही. फक्त बाहेर नेते. पोहता येणारा माणूस घाबरतो आणि सरळ किनाऱ्याकडे पोहू लागतो. ओढ त्याच्याहून जोराची असते. तो एक हात पुढे येतो, दोन हात मागे जातो. शेवटी दमतो. "दमल्यामुळे मरतो, काका. ओढीशी भांडायचं नसतं. अंग सैल टाकून तरंगायचं, मदतीसाठी हात वर करायचा, आणि जमलं तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहायचं. पट्टा अरुंद असतो. बाहेर पडलं की लाटाच परत आणतात. आम्ही तर आत जायला हीच वाट वापरतो."

आम्ही टेकडीवर खाली बसलो. पुतण्यास वाटले, आम्ही थकलो. तो पाण्यात गेला. आम्ही तेथेच बसून राहिलो.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी आम्ही अकरा वर्षे कोणास सांगितली नव्हती. २०१३च्या जूनमध्ये आम्ही किनाऱ्यालगतच्या एका धर्मग्रामात होतो. पहिला पाऊस नुकताच पडून गेला होता. दुपारी तीन मुलगे समुद्रावर गेले, दोघे परतले. तिसरा सतरा वर्षांचा होता. तिसऱ्या दिवशी त्याचा देह मिळाला. अंत्यविधीस मंदिर भरून गेले होते, बाहेर छत्र्यांची गर्दी होती. एवढी तरुण मुले एरवी मंदिरात कोठे येतात? आम्हांस वाटले, यांना काही ठणकावून सांगण्याची हीच वेळ. आणि आम्ही सांगितले. आईबापांची आज्ञा मोडण्याविषयी बोललो. तारुण्याच्या मस्तीविषयी बोललो. समुद्र गर्विष्ठांची घमेंड उतरवतो, असे एक वाक्य आदल्या रात्री घासूनपुसून तयार केले होते, तेही बोललो. पहिल्या बाकावर मुलाची आई बसली होती. तिने मान वर केली नाही.

विधीनंतर अनेकांनी प्रवचनाची प्रशंसा केली. पुढच्या रविवारी ती बाई शेवटच्या बाकावर बसली. नंतर काही महिन्यांनी ती शेजारच्या धर्मग्रामात ख्रिस्तयागास जाऊ लागली, असे कळले. तिने तक्रार केली नाही. आम्ही विचारपूस केली नाही. दुःखाने माणसे अशी होतात, असे स्वतःस समजावून आम्ही आमच्या कामास लागलो.

त्या विधीनंतर काही दिवसांनी त्या दोघा वाचलेल्या मुलांपैकी एकाने आम्हांस सांगितले होते, "फादर, तो चांगला पोहत होता. किनाऱ्याकडेच पोहत होता. पण मागेमागेच जात होता." त्या वेळी त्या वाक्याचा अर्थ आम्हांस लागला नाही. पेनिशच्या टेकडीवर, तो गडद पट्टा समोर असताना, तो लागला. तो मुलगा मस्ती करीत नव्हता. त्यास जी जागा शांत वाटली, तीच आम्हांसही क्षणापूर्वी शांत वाटली होती. आणि शेवटची काही मिनिटे तो समुद्राकडे नव्हे, घराकडे पोहत होता. सरळ घराकडे. आडवे पोहायचे असते हे त्यास कोणी सांगितले नव्हते. आईबापांनी नाही, शाळेने नाही, आणि ज्याच्या धर्मग्रामाची सीमा त्या पाण्याला लागत होती, त्या धर्मगुरूने तर नाहीच नाही. आम्ही बोललो ते तो पेटीत निजल्यावर.

लूकच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायात शिलोहच्या बुरुजाची घटना येते. बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली. ती इतरांहून अधिक अपराधी होती काय, असा प्रश्न प्रभू स्वतःच विचारतो आणि स्वतःच नाही म्हणून उत्तर देतो. या उताऱ्यावर गुरुविद्यालयात आम्ही एक दीर्घ निबंध लिहिला होता. त्यास चांगले गुण मिळाले होते.

संध्याकाळी पुतण्या बाहेर आला, तेव्हा आम्ही त्यास सारे सांगितले. त्याने काही म्हटले नाही. थर्मासमधला चहा ओतून दिला. परतीच्या वाटेवर, बऱ्याच वेळाने, तो म्हणाला, "काका, तिला भेटाल?" आम्ही म्हटले, "पाहू." हे 'पाहू' धर्मगुरूंच्या तोंडी बहुधा 'नाही' या अर्थाने असते, हे त्यालाही ठाऊक असावे.

चौथ्या दिवशी नाझारे. हे गाव दोन पातळ्यांवर वसले आहे, खाली पुळण आणि वर शंभर मीटरहून उंच कडा. कड्यावर नाझारेच्या मातेचे प्रख्यात मंदिर आहे. परंपरा सांगते की ११८२ साली धुक्यात हरणाचा पाठलाग करणारा एक सरदार याच कड्याच्या टोकाशी आला, त्याने मातेचा धावा केला आणि घोडा जागच्या जागी थांबला. मंदिरात गुडघे टेकले तेव्हा आमच्या मनात आले, भरधाव निघालेल्याचे पाऊल कड्याच्या टोकावर थांबणे, ही केवढी कृपा! आमची जीभ त्या दिवशी थांबली नव्हती.

खालच्या गावास १९८०च्या दशकापर्यंत बंदर नव्हते. होड्या वाळूवरून थेट लाटांत लोटाव्या लागत, परतल्या की बैल लावून वर ओढाव्या लागत. बायका पुळणीवर बसून वाट पाहत. कितीतरी जणींची वाट संपलीच नाही. त्या मानाने उत्तरेच्या अंगास, कड्यापलीकडे जे चालते तो खेळच. पण खेळ म्हणून हलका म्हणावा असा तो नाही. तेथे समुद्राच्या तळाशी दोनशे किलोमीटरहून अधिक लांबीची दरी आहे. बाहेरच्या टोकास तिची खोली पाच हजार मीटरच्या घरात जाते, आणि तिचे आतले टोक किनाऱ्याच्या अगदी जवळ येते. खोल पाण्यात लाट वेगाने धावते, उथळ पाण्यात मंदावते. त्यामुळे एकाच लाटेचा दरीवरचा भाग वळतो आणि दुसऱ्या भागावर येऊन चढतो. दोहोंची उंची एक होते. २०११च्या नोव्हेंबरात गॅरेट मॅकनमारा हा अमेरिकन येथे ७८ फूट उंचीच्या लाटेवरून उतरला. २०२०च्या २९ ऑक्टोबरला सेबास्टियन श्टोइटनर या जर्मनाने ८६ फुटांची लाट पार केली. माया गाबेइरा ही ब्राझीलची स्त्री २०१३ साली येथे बुडता बुडता वाचली आणि २०१८ साली येथेच परत येऊन तिने विक्रम केला. आणि २०२३च्या जानेवारीत मार्सिओ फ्रेरी हा अनुभवी ब्राझीलवासी येथे प्राणास मुकला. जाणकारालाही समुद्र सवलत देत नाही. म्हणून मृत्यू हा अज्ञानाचा किंवा उद्धटपणाचा पुरावा मानता येत नाही.

आम्ही गेलो तेव्हा समुद्र त्याच्या मानाने शांत होता. तरीही लाटा दुमजली घराएवढ्या होत्या. पुतण्या अर्थातच पाण्यात गेला नाही. दीपगृह असलेल्या जुन्या किल्ल्याकडे जाताना एक पुतळा लागतो. धड माणसाचे, मस्तक हरणाचे आणि हाती सर्फिंगची फळी. जुन्या कथेतले हरीण गावाने नव्या खेळाशी असे जोडून घेतले आहे. किल्ल्याच्या गच्चीवर शेकडो माणसे होती. कोणी ओरडत होते, कोणी छायाचित्रे घेत होते, कोणी "वेडे आहेत" अशा अर्थाने माना हलवीत होते.

या गर्दीपासून थोडा दूर, कठड्यास टेकून, एक मनुष्य हाती रेडिओ घेऊन उभा होता. तो ओरडत नव्हता, मान हलवीत नव्हता. त्याची नजर पाण्यावरून क्षणभरही हटत नव्हती. अधूनमधून तो दोन-चार शब्द बोले. पुतण्याने सांगितले, "हा त्यांचा वरचा पहारेकरी. खाली असलेल्याला समोरची लाट दिसते, मागची दिसत नाही. ती याला दिसते. कोणती घ्यावी, कोणती सोडावी हे तो सांगतो. आणि कोणी पडला की कुठे आहे ते वाचवणाऱ्यांना सांगतो. फेसात त्यांना काही दिसत नाही."

आम्ही त्या माणसाकडे बराच वेळ पाहत राहिलो. धर्मगुरूची जागा बहुतेक वेळा किनाऱ्यावरच असते. संसाराच्या, नोकरीच्या, तारुण्याच्या ज्या पाण्यात आमची माणसे उतरतात, त्यात आम्ही उतरलेलो नसतो. त्यात लाजण्यासारखे काही नाही. उंचावरून जे दिसते ते पाण्यातून दिसत नाही. पण त्याच गच्चीवर निवाडा देणारेही उभे होते आणि पहारा देणाराही उभा होता. दोघांना समुद्र तोच दिसत होता. २०१३च्या जूनमध्ये आम्ही कोणाच्या रांगेत उभे होतो, हे आम्हांस तेथे कोणी सांगावे लागले नाही.

बंधूंनी सोपवलेला उपदेश राहूनच गेला. परत आल्यावर त्यांनी विचारले, "सांगितलंस का?" आम्ही म्हटले, "तो आपल्यापेक्षा जपून आहे. काळजी कर, पण त्याला नावे ठेवू नकोस." बंधूंचे समाधान झाले नाही. बापाचे होऊही नये.

आगमनकाळाच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही त्या माउलीच्या घरी गेलो. पूर्वसूचना दिली नव्हती. दिली असती तर कदाचित आम्हीच गेलो नसतो. ओटीवर बसलो. भिंतीवर मुलाचे शाळेतले छायाचित्र होते. तयार करून नेलेले एकही वाक्य आठवेना, ते बरेच झाले. आम्ही म्हटले, "त्या दिवशी मी जे बोललो ते चूक होते. तुमच्या मुलाविषयी मला काही ठाऊक नव्हते. मी क्षमा मागायला आलो आहे."

ती बराच वेळ पदराच्या टोकाशी चाळा करीत राहिली. मग म्हणाली, "तो लाजरा होता, फादर. उद्धट नव्हता. तेवढं तरी तुम्ही विचारायचं होतं." आम्ही मान खाली घातली. ती आत गेली, चहा घेऊन आली. आम्ही तिला पेनिशचा तो पट्टा, ती ओढ आणि आडवे पोहणे, सारे सांगितले. सांगावे की न सांगावे याचा निर्णय वाटेत झाला नव्हता, पण तिने स्वतःच विचारले, "तो मागे का जात होता, कोणी मला सांगितलंच नाही." ऐकून ती रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "म्हणजे तो घरीच येत होता." आणि थोड्या वेळाने, "हे बाकीच्या पोरांना कोण सांगणार?"

२०२५च्या मे महिन्यात, पावसाच्या आधी, आमच्या दृढीकरणाच्या वर्गातील मुलांना आम्ही एका सकाळी ओहोटीच्या वेळी समुद्रावर नेले. बोलण्याचे काम आम्ही केले नाही. कोळीवाड्यातील एक वृद्ध तांडेल बोलला. जन्मभर ज्या ओढीतून त्याने होडी काढली, ती ओढ त्याने मुलांना बोटाने दाखवली. पाणी कोठे गडद आहे, फेस कोठे बाहेर चालला आहे, हे मुलांनी ओळखले. "हिच्याशी भांडायचं नाय," तो म्हणाला. "आडवं व्हायचं, नाय जमलं तर हात वर करून तरंगत ऱ्हायचं." हे ज्ञान आमच्या धर्मग्रामात, आमच्याच बाकांवर, पिढ्यान्‌पिढ्या बसलेले होते. ते शोधण्यासाठी आम्हांस अटलांटिकच्या काठाने चार दिवस मोटारीत हिंडावे लागले. वाडी आणि कोळीवाडा यांतली ती जुनी सीमा एवढी रुंद होती.

मुलांच्या मागे, वाळूवर, तीही उभी होती. आम्ही तिला बोलावले नव्हते. कोणाकडून तरी तिला कळले असावे. तांडेलाचे बोलणे संपल्यावर एक लहान मुलगा पाण्याच्या कडेला जरा पुढे गेला. आम्ही हाक मारणार तोच तिने त्याचा हात धरला, त्यास मागे ओढले नाही, आणि त्याला विचारले, "सांग बघू, ओढ कुठे आहे?"

त्याने बोट दाखवले. बरोबर दाखवले.